रुखवतातलं अस्वल

भाऊजी, तुम्हाला करंट लागला नाही, हे मी गेल्या अकरा दिवसांत किती जणांना सांगितलं असेल याची गणती नाही. दारात माणूस आलं, पायरीवर चपला काढल्या, की पहिलं वाक्य ठरलेलं, "बापूला शॉक बसला म्हनं?" रेडिओ दुरुस्त करणारा माणूस, एकतिसाव्या वर्षी गेला, म्हणजे विजेनंच नेला, असं सगळ्या नेवाशानं परस्पर ठरवून टाकलंय. मग मी सांगते. नाही हो, एसटीत गेले. सकाळच्या गाडीनं नगरला निघाले होते, खिडकीशी बसले होते. नगरच्या स्टँडवर सगळे उतरले, हे उतरले नाहीत. कंडक्टरला वाटलं डोळा लागलाय, म्हणून त्यानं खांदा हलवला. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. एवढं सांगून झालं तरी समोरचं माणूस माझ्याकडे असं बघतं की जणू मी काहीतरी लपवतेय.

आणि लपवतेयच. फक्त ते नाही, दुसरं. तेच सांगायला बसलेय.

मला अजून खरं वाटत नाही, हे आधी सांगते. बाकीचे रडतात, जेवतात, पुन्हा रडतात. माझं तसं होत नाही. मी पिठाच्या डब्यात हात घालते आणि हात तिथंच राहतो. त्या दिवशी सकाळी तुम्ही उभ्या उभ्या चहा प्यायलात आणि मी ओरडले, "बसून प्या, गाडी काही पळून जात नाही." तुम्ही म्हणालात, "पळती वयनी, ती नगरची गाडी हाय." बस. एवढंच. नऊ वर्षं एका घरात राहून आपलं शेवटचं बोलणं हे. त्यात ना काही निरोप, ना काही. मी तर तुमच्याकडे पाहिलंही नव्हतं, दूध उतू जात होतं.

मी या घरात थोरली सून म्हणून आले तेव्हा तुम्ही नुकतंच पोस्टानं रेडिओचं शिक्षण घेत होतात. मामंजींचा त्याला विरोध. नदीपलीकडे एवढी जमीन असताना पोरानं तारा जोडत बसावं हे त्यांना पटेना. मी नगरची, मॅट्रिक झालेली, म्हणून तुमच्या त्या इंग्रजी चोपड्या वाचून दाखवायला मला बसवलंत. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. मी वाचायची, तुम्ही मान हलवायचात, आणि शेवटी दोघांनाही कळलेलं नसायचं. पण महिन्याभरात तुम्ही बैठकीतल्या रेडिओची एक तार भिंतीतून काढून स्वयंपाकघरात आणलीत आणि पिठाच्या डब्यामागं एक छोटा स्पीकर बसवलात, कुणालाही न सांगता. बाहेर मामंजी बातम्या ऐकायचे, आत मी. सासूबाईंना वर्षभर वाटत होतं की भिंतीतून आवाज येतो तो उंदरांचा. त्या घरात माझ्यासाठी म्हणून झालेली ती पहिली गोष्ट होती. हे मी तुम्हाला कधी बोलून दाखवलं नाही. दिराचं कौतुक तोंडावर करायचं नसतं, त्याची खोडच काढायची असते, असं मला वाटायचं.

तर अस्वल.

गेल्या वैशाखात कुसुमचं लग्न निघालं. तुम्हा दोन भावांत ही एकच बहीण, त्यात दुष्काळाचं साल. प्रवरेच्या पात्रात झरे उकरून आम्ही घागरी भरत होतो. लग्न साधंच करायचं ठरलं, पण रुखवत साधं ठेवायला मी तयार नव्हते. नवऱ्याकडच्या बायका मांडवात आल्या की आधी रुखवताकडे वळतात आणि त्यावरून सगळ्या घराची किंमत करतात. सुपारीचे भटजी-भटणी झाले, मण्यांचा गणपती झाला, शंकरपाळ्यांचं तुळशीवृंदावन झालं. तेवढ्यात कुसुमच्या मामांनी मुंबईहून ते अस्वल पाठवलं. पत्र्याचं, वर मखमल चिकटवलेलं, गळ्यात ढोल. पोटात दोन मोठे सेल घातले की मान हलवत, ढोल वाजवत गोल गोल चालायचं. सासूबाईसुद्धा पदर तोंडाला लावून हसल्या. ते रुखवताच्या मधोमध ठेवायचं हे तिथंच ठरलं.

अडचण सेलची. तासाभरात सेल बसायचे, आणि अस्वल शेवटी शेवटी आजारी माणसासारखं एकेक टोला देत थांबायचं. रुखवत तर सकाळपासून वरात निघेपर्यंत मांडलेलं. तुम्ही म्हणालात, "सेल कशाला? घरात लाइट हाय. एलिमिनेटर करू." मी विचारलं, म्हणजे काय? तुम्ही अगदी माझ्या अकलेला झेपेल असं सांगितलंत, "घरातली वीज म्हंजी वळू. अस्वलाला पायजे वासरू. एका डब्यात वळू घालायचा आन् दुसरीकडनं वासरू काढायचं." डब्यात काय काय बसवलंत ते मला अर्धवटच आठवतं. जुन्या रेडिओतला छोटा ट्रान्सफॉर्मर, दोन डायोड, आणखी काही. पण अस्वलाच्या पोटात तारा जोडायला जागा नव्हती, तेव्हा तुम्ही काय केलंत ते चांगलं आठवतं, कारण माझं माहेरचं लाटणं गेलं त्यात. लाटणं कापून बरोबर सेलच्या मापाचे दोन लाकडी तुकडे केलेत, टोकांना खिळे ठोकलेत, खिळ्यांना तारा डाग देऊन जोडल्यात, आणि ते लाकडी सेल अस्वलाच्या पोटात बसवलेत. अस्वलाला एक ओरखडा नाही, आणि उद्या परत खरे सेल घालायचे तर घालता येतील. मी दोन दिवस बाटलीनं पोळ्या लाटल्या आणि दोन्ही दिवस तुम्हाला ऐकवलं.

पहिल्यांदा चालू केलं तेव्हा अस्वल ढोल वाजवत उलटं चालायला लागलं आणि ओट्यावरून मागच्या मागं पडलं. सासूबाई म्हणाल्या, "नवरीच्या रुखवतात मागं चालनारं जनावर? ठेवू नका रं, पोरगी मागारी येईल." तुम्ही हसत दोन तारांची अदलाबदल केलीत. अस्वल सरळ चालू लागलं. त्या दिवशी दुपारभर ते चाललं, थांबलंच नाही. तुम्ही भिंतीला टेकून नुसते बघत बसला होतात. मामंजी दारातून डोकावून गेले, काही बोलले नाहीत, आणि त्यांचं न बोलणं म्हणजे पास झाल्याचा दाखला. पहिल्यांदाच मिळाला होता तो तुम्हाला.

डबा बिस्किटांचा होता, पत्र्याचा. आत गरम होतं म्हणून झाकणाला भोकं हवी होती. नुसती भोकं पाडली असतीत तर बरं झालं असतं. पण रुखवतात ठेवायचा म्हणून तुम्ही खिळ्यानं एकेक भोक पाडत कमळ काढलंत. एवढं देखणं कमळ, की ते पाहिल्यावर कुठल्याही बाईचा हात हळदकुंकवाच्या कुयरीकडे जाणारच. मी म्हटलं, याची पूजा केल्याशिवाय चालू करायचं नाही. या घरात इंजिन आलं तेव्हा पूजा झाली, शिलाई मशीन आलं तेव्हा झाली, पेरणीची पाभर दर वर्षी पुजतो. तुम्ही म्हणालात, "वयनी, ह्याला पानी दाखवू बी नका. लगीन लागू द्या, मंग संध्याकाळी बंद करून देतो, कुकू लावा." मी म्हटलं, काम झाल्यावर पूजा करतात का कुठं? तुम्ही म्हणालात, यंत्राला काय कळतंय. मी म्हटलं, यंत्राला नाही कळत, माणसाला कळतं. हे भांडण तिथंच राहिलं, कारण बाहेरून कुणीतरी हाक मारली.

आता सांगते.

लग्नाच्या सकाळी तुम्ही वऱ्हाड उतरवून घ्यायला वेशीवर गेलात. रुखवताजवळ मी एकटी. बटण बंद होतं. माझ्या मनात आलं, आज माझ्या दिराचं काम चार गावांच्या लोकांपुढं चालणार, त्याला नजर नको लागायला. दोन बोटं हळद, दोन बोटं कुंकू, चार अक्षता. एवढ्यावर थांबले असते तर काही झालं नसतं. पण नव्या वस्तूपुढं नारळ फोडून पाण्याचे दोन थेंब शिंपडायचे, ही या घरची पद्धत. नारळ दुष्काळातला, हलवून पाहिला तर आवाजही नव्हता. मला वाटलं, कोरडाच असेल. फोडला आणि सगळा भरलेला निघाला. हातात दोन भकलं, पाणी थेट कमळावर. कमळाच्या भोकांतून ते आत उतरलं आणि त्याच्याबरोबर हळदकुंकूही. मी पदरानं झाकण पुसलं. अगदी लख्ख पुसलं. डबा उलटा करायचं मला सुचलं नाही. सुचलं असतं तरी तेवढ्यात वाजंत्री आली.

बायका जमल्या. तुम्ही घाम पुसत आलात, सगळ्यांकडे बघून हसलात आणि बटण दाबलंत. फट्. एवढाच आवाज. डब्यातून धूर, जळका वास, आणि सगळ्या मांडवाची वीज गेली. लाउडस्पीकरवरची सनई मध्येच गप्प झाली. विहीणबाई दोन पावलं मागं सरल्या आणि त्यांच्यातली एक म्हातारी बोललीच, "रुखवतात जाळ? हे काय बरं न्हाई बाई." कुसुमनं मुंडावळ्यांतून मान वर केली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी. मामंजी सगळ्यांपुढं तुमच्यावर गरजले, "एवढे दिस तारा चिवडून हेच शिकला व्हय रं?" आणि विहीणबाईंनी सरळ मला विचारलं, "कुनी हात लावल्ता का त्याला?"

मी म्हटलं, नाही.

विचार करून नाही म्हटलं असं नाही. तोंडातून निघालं. आणि माझ्या मागोमाग तुम्ही म्हणालात, "माझंच वायरिंग चुकलं आसंल." मग तुम्ही खांबावर चढून फ्यूज बांधलात, कुणाच्या तरी बॅटरीतले सेल काढून अस्वलाच्या पोटात घातलेत, आणि अस्वल तासभर वाजलं. लग्न लागलं. सगळं पार पडलं. फक्त तुमचं नाव गेलं.

पुढचे आठ महिने मी बघत होते. गावात तुम्हाला मांडव विझवणारा म्हणायला लागले. मामंजींनी घरचा रेडिओ तुमच्या हाती न देता शेवगावच्या कुणा मिस्त्रीकडे पाठवला. तुम्ही समोर बसून जेवत होतात, आणि ते तुमच्या दादांना सांगत होते, "रेडिओ शेवगावला दे, तिथला मानूस जानता हाय." तुम्ही भाकरी मोडत राहिलात. मी पुढं झाले, भाजी वाढली, मागं आले. आज सांगेन, उद्या सांगेन, संक्रांतीला तिळगूळ देताना सांगेन, असं माझं चाललेलं.

आणि तुम्ही मला विचारायचात. हेच मला आता सहन होत नाही. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून, चहाचा कप हातात, अगदी साळसूद चेहऱ्यानं, "वयनी, चूक कुटं झाली आसंल?" मी म्हणायची, "मला काय कळतंय त्यातलं?" एकदा म्हटलं, "तार ढिली राहिली असेल." एकदा तर कहर केला, म्हटलं, "तुमचं लक्षच नसतं कामात." तुम्ही नुसते हसलात आणि कप विसळून ठेवलात. मला वाटायचं, बिचारे अजून चूक शोधतायत.

काल दुपारी कुसुम माझ्याजवळ तांदूळ निवडत बसली होती. राजूरच्या सासरहून आली तेव्हापासून ती बोललीच नव्हती फारसं. आपणहून म्हणाली, "वयनी, बापूदादा गेल्या महिन्यात आल्ता राजूरला. अस्वलाचा नवा डबा घिऊन."

मी म्हटलं, "नवा डबा?"

"व्हय. लई झ्याक चालतं आता. झाकन छपरावानी उतरतं केलंय, वर एक बी भोक न्हाई. समदी भोकं खाली, बाजूला. मी म्हनलं, आसं का? तर म्हनला, आता वयनीनं आख्खी घागर वतली तरी चालंल."

भाऊजी, माझ्या हातातलं सूप खाली पडलं. तांदूळ सगळीकडे झाले. कुसुमला वाटलं मला घेरी आली. मी तिला विचारलं, त्यांना माहीत होतं? कधीपासून? ती म्हणाली, लग्नाच्या दुसऱ्याच दिवसापासून. डबा उघडला तर आत ट्रान्सफॉर्मरवर कुंकवाचा लगदा आणि नारळाचा आंबूस वास. आणखी काय कळायला हवं होतं? तुम्ही तिला शपथ घातली होतीत. आबांना, म्हणजे मामंजींना, कळलं तर ते वयनीला जन्मभर बोलून दाखवतील, माझं काय, मी बोलनी खाऊन गेंड्यावानी झालोय, असं म्हणालात म्हणे. आणि वर हसून म्हणालात, "वयनी आपल्या तोंडानं सांगंल तवा बघ, मी तिला लई छळनार हाय."

म्हणजे तुम्ही चूक शोधत नव्हतात. तुम्ही वाट बघत होतात. उंबऱ्यावर बसून, चहाचा कप हातात धरून, दर वेळी तुम्ही मला दार उघडून देत होतात आणि मी ते तुमच्या तोंडावर लावत होते. तार ढिली राहिली असेल म्हणाले मी. लक्ष नसतं म्हणाले. सगळं माहीत असलेल्या माणसाला!

मला तुमचा रागही आला, खोटं कशाला बोलू. एकदा तरी ओरडायचं होतंत. दिराला वहिनीवर चिडायचा हक्क आहे, तुम्ही तो वापरला नाहीत. मला वाचवलंत आणि मला विचारलंही नाहीत, की वहिनी, तुम्हाला वाचायचंय का. आता तुमचे उपकार मानू की तुमच्याशी भांडू? भांडायला समोर माणूस लागतो. मी रात्री जेवले नाही. सासूबाई म्हणाल्या, आता कुठं हिला बापू गेल्याचं समजलं.

आज सकाळी ओसरीवर माणसं बसली होती. पलीकडच्या आळीतले चार-पाच जण, तुमचे दादा, मध्ये मामंजी. मी आतून चहा देत होते. मामंजींनी परत तेच सुरू केलं, अकरा दिवस ते हेच सांगतायत. येणाऱ्याला सांगायला त्यांच्याजवळ दुसरं काही नाही असं वाटतं. "पोरगं हुशार हुतं. पन हात कच्चा. बहिनीच्या लग्नात आख्ख्या मांडवाची लाइट घालवली त्यानं." लोक माना डोलावत होते.

मी उंबऱ्याबाहेर आले. या घरात नऊ वर्षांत मी मामंजींपुढं, परक्या माणसांदेखत, कधी तोंड उघडलं नव्हतं. पदर डोक्यावर होता की नव्हता तेही आठवत नाही. मी म्हटलं, "मामंजी, त्यांचा हात कच्चा नव्हता. पाणी मी घातलं. पूजा केली आणि नारळाचं पाणी डब्यात गेलं. त्यांना माहीत होतं. तुम्ही मला बोलाल म्हणून ते गप्प राहिले."

तुमचे दादा माझ्याकडे बघतच राहिले. मी उभी होते, शिव्यांची वाट बघत. खरं सांगते, मला त्या हव्या होत्या. तुमच्या वाटणीच्या आठ महिन्यांच्या सगळ्या शिव्या एकदम अंगावर घ्यायची तयारी करूनच मी बाहेर आले होते.

मामंजींनी कपबशी खाली ठेवली. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "मंग मी त्याला उगंच बोल्लो."

एवढं बोलून ते सगळ्यांदेखत हुंदके देऊन रडायला लागले. तुमच्या मातीलाही रडले नव्हते, भाऊजी. मी शिव्या खायला गेले होते. ते रडतील, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.